हिरवा बीकर आणि फरगलीची किल्ली

असयूत, ६ फेब्रुवारी १९८८

अबेह सब्री,

तुला सलाम, आणि मावशीच्या दोन्ही हातांना माझं चुंबन. तिचे गुडघे कसे आहेत ते तू कधीच लिहीत नाहीस, म्हणून याही खेपेला विचारते.

शेजारच्या हाज्जा कैरोला निघाल्यात, त्यांच्याबरोबर टोपली पाठवतेय. उन्हात फुगवलेली भाकरी आहे, तूप आहे, काकवी आहे. आणि तुपाच्या डब्यामागे कापसात गुंडाळलेली एक काचेची बाटली आहे. ती मावशीच्या हाती पडू देऊ नकोस. ती डब्याबरोबर फडताळात ठेवून मोकळी होईल. बाटलीत माझे हिरवे स्फटिक आहेत आणि त्यांच्यासाठीच हे पत्र आहे. (भाकरीसाठी नाही, पण उत्तर दिलं नाहीस तर पुढची भाकरीही नाही.)

तू भौतिकवाला, म्हणून थोडं सांगते. सॅलिसिलाल्डिहाइड नावाचं एक कडू बदामाच्या वासाचं तेल असतं. त्यात अमाइन घातलं की दोघं जोडली जातात, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि पिवळाधमक शिफ बेस तयार होतो. आमच्या या रेणूला धातू धरायला तीन हात आहेत, एक नायट्रोजनचा आणि दोन ऑक्सिजनचे. त्यात तांब्याचा क्षार घातला की पिवळ्याचं बघता बघता गर्द हिरवं होतं. मी हे किती वेळा केलंय, पण अजून दर वेळी हातातलं काम थांबवून बघत राहते.

आता खरी गंमत. हा रेणू एका तांब्याला धरून गप्प बसत नाही. त्याच्या ऑक्सिजनचा हात शेजारच्या तांब्यालाही जाऊन लागतो आणि त्यांचं एक कुटुंब होतं. त्या कुटुंबात तांब्याचे अणू किती, एवढाच प्रश्न आहे. पृथक्करण केलं तर एका तांब्याला एक लिगँड, म्हणजे धातूला धरणारा आमचा हा रेणू, एवढंच प्रमाण निघतं. दोनाचं कुटुंब असलं तरी तेच, चाराचं असलं तरी तेच. माझे मार्गदर्शक डॉक्टर शहाता म्हणतात, चार. मी शाळेत होते तेव्हापासून ते चार म्हणताहेत. थंड करत गेलं की याचं चुंबकत्व ज्या पद्धतीने उतरतं ते दोघांचं काम नाही, असं त्यांचं म्हणणं. परदेशातल्या एका परीक्षकाने त्यांचा निबंध परत पाठवला होता, वर एक ओळ लिहून, की चार म्हणायला लेखकाच्या इच्छेखेरीज दुसरा पुरावा दिसत नाही. ती ओळ त्यांना पाठ आहे. पाहुण्यांना म्हणून दाखवतात आणि स्वतःच हसतात.

ऑगस्टअखेर ते निवृत्त होतील. प्रयोगशाळा दुसऱ्यांकडे जाईल. त्याआधी त्यांना कळायला हवं. तुझ्या यंत्राने क्ष-किरण टाकून सांग ना, दोन की चार?

तुझी,
सौसन


कैरो, २१ फेब्रुवारी १९८८

सौसन,

मी तुझा ‘अबेह’, थोरला भाऊ, हे तुला काम असलं की आठवतं. नाहीतर लहानपणी मला ‘सब्री लंगडा’ म्हणणारी तूच ना?

तुझ्या मावशीने बाटली फडताळात ठेवलीच होती. तिला वाटलं डोळ्यांचं औषध आहे. सुदैवाने घातलं नाही.

आता स्फटिकांबद्दल. रंग बघून मी क्षणभर खुर्चीत टेकलो, इतका तो देखणा आहे. पण सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यावर सगळा आनंद उतरला. मला एकच, एकटा, धडधाकट स्फटिक लागतो. तुझ्या बाटलीत पंधरा-वीस जण एकमेकांत घुसलेत, ईदला आजोळी एका खाटेवर झोपवलेल्या पोरांसारखे. कुणाचा पाय कुणाचा हात काही कळत नाही. अशावर किरण टाकले तर सगळे एकदम बोलतात आणि मला कुणाचंच ऐकू येत नाही.

हे कशाने होतं? द्रावण हलवल्याने. शांत बसलेल्या द्रावणात एखाद-दुसरं बीज धरतं आणि हळूहळू मोठं होतं. धक्का बसला की एकदम शेकडो बीजं पडतात. तुमच्या इमारतीमागून रेल्वे जाते ना? तेच असणार. बीकर वाळूच्या परातीत रोवून ठेव. वर गाळणकागद बांध, त्याला टाचणीने भोकं पाड, आणि विसरून जा.

डॉक्टर शहातांना माझा नम्र सलाम. असा रंग बनवणाऱ्या माणसाला मला भेटायचंय.

सब्री


असयूत, १९ मार्च १९८८

अबेह सब्री,

वाळूची परात केली. वाळवंटातली स्वच्छ चाळलेली वाळू फरगलीकाकांनी आणून दिली. फरगलीकाका म्हणजे आमच्या विभागाचे शिपाई, त्यांच्याशिवाय इथे दिवा लागत नाही. तरी पुन्हा तेच झालं. या वेळी बीकरच पाठवतेय, पोटाशी चिकटलेल्या कवचासकट, म्हणजे तुला सगळं दिसेल. हवा वाईट होती. धुळीचा वारा लवकर सुटला, द्रावण भरभर आटलं, असं मला वाटतं.

डॉक्टर शहाता मात्र खुशीत आहेत. रोज सकाळी आल्याबरोबर टोपी खुंटीला लावतात, शंकूपात्रातल्या पुदिन्याला पाणी घालतात आणि बीकरला सलाम करतात. पाहुण्याला पहिल्यांदा चहा, मग तांबं. परवा पंखा दुरुस्त करायला माणूस आला होता, त्यालाही त्यांनी समजावून सांगितलं. तो म्हणाला, “डॉक्टरसाहेब, चार आहेत की दोन, मला काय कळतंय? पण अल्ला कसम, असा हिरवा मी माझ्या बायकोच्या लग्नाच्या शालीतही पाहिला नाही.” सर इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, “सौसन, परीक्षक असा हवा होता.”

त्यांनी आम्हाला पहिल्या वर्षी लिगँड शिकवला तो अजून आठवतो. तीन मुलांना उभं करून एकाने दुसऱ्याचा कान, दुसऱ्याने तिसऱ्याची बाही धरायची. मग मधल्याला म्हणाले, “आता सुटून दाखव.” सगळा वर्ग ओरडत होता. त्या दिवशी मी ठरवलं की मला हेच करायचंय.

नवीन द्रावण ठेवलंय. या वेळी होईल.

सौसन


कैरो, ४ एप्रिल १९८८

सौसन,

वारा-बिरा काही नाही. बीकर हललेला आहे, आणि रोज हललेला आहे. रेल्वेने एवढं होत नाही. कोण तरी तो उचलतं. तुमचा तो फरगली रोज सकाळी टेबलं पुसतो का? मला तर पक्कं वाटतंय की तो बीकर उचलून खालून फडकं मारतो आणि परत ठेवून देतो. आणि तुमच्याकडे कुणी ‘पुसू नका’ असंही म्हणत नसेल. त्याला ताकीद दे.

यंत्राची जुलैची पाळी मी तुझ्यासाठी धरून ठेवलीय. त्यानंतर ती मला मिळणार नाही.

सब्री


असयूत, २७ एप्रिल १९८८

अबेह सब्री,

हे पत्र घरून पाठवतेय, आणि यापुढे तुझंही पत्र माझ्या घरच्या पत्त्यावर पाठव. विभागात येणारी पत्रं सर मोठ्याने वाचायला लावतात. तुझं मागचंही मी वाचलं. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की पुढे काय आहे, पण तोपर्यंत फरगलीकाकांचं नाव माझ्या तोंडून गेलं होतं.

सर पांढरे पडले. त्यांनी काकांना बोलावलं. “फरगली, माझ्या बीकरला हात कोण लावतं?”

काका म्हणाले, “मी लावत नाही, साहेब.”

“रोज टेबल कोण पुसतं?”

“मी पुसतो. पण तेवढं टेबल सोडून. वाळूच्या भोवतीनं पुसतो.”

“मग बीकर काय आपोआप उडतो?”

काकांनी मान खाली घातली. त्यांना माहीत आहे, अबेह. त्यांना माहीत आहे आणि मलाही माहीत आहे, आणि आम्ही दोघंही गप्प राहिलो. आता रमजान संपला की त्यांना बॉयलरघरात पाठवायचं ठरलंय. त्यांचं इतकं आयुष्य या प्रयोगशाळेत गेलं. कालपासून ते सरांचा पुदिना स्वतः बाहेर नेऊन धुतात, पण सरांशी बोलत नाहीत.

बीकर सर उचलतात. रोज सकाळी. पूर्वेच्या खिडकीशी नेतात, तिरका करतात आणि ‘सुबहानल्लाह’ म्हणतात. पाहुणा आला की पुन्हा. आमच्याकडे दारात आलेल्याला नाही म्हणता येत नाही, आणि सरांना तर त्यांच्याकडचं सगळ्यात सुंदर काय असेल ते पुढे करायची सवय. वाळूत रोवला तर वाळूतून काढतात, मग हळुवारपणे परत ठेवतात आणि भोवतीची वाळू बोटाने सारखी करतात. त्यांना वाटतं, एवढ्या हळू उचलल्यावर काय होणार? मी त्यांना कसं सांगू? माझ्या वडिलांना मी कधी वर मान करून बोलले नाही, आणि हे मला वडिलांच्या जागी आहेत.

एवढंच असतं तर मी कदाचित बोललेही असते. पण आणखी एक आहे, ते तुलाच सांगते. मला वाटतं की दोन आहेत. माझ्या प्रबंधात मी त्या जागी पेन्सिलीने ‘दोन’ लिहून ठेवलंय. ते बीकर उचलायचे आणि मी बघत राहायचे, तेव्हा माझ्या मनात काय यायचं माहितेय? की बरंच आहे. चांगला स्फटिक मिळू नये. निवृत्तीच्या तोंडावर त्यांच्या हातात ‘दोन’ असा कागद ठेवायला मी नको. स्फटिक नसला तर त्यांचे चार शाबूत राहतील. आणि माझ्या या दयेपायी आता फरगलीकाका कोळसा ओढणार आहेत.

तू बाहेरचा आहेस. तू काही कर.

सौसन


कैरो, ५ मे १९८८

आदरणीय उस्ताद डॉक्टर शहाता,

रमजानच्या शुभेच्छा. आपल्याला मी कधी भेटलो नाही, तरी आपल्या तांब्याला रोज भेटतो, म्हणून लिहायचं धाडस करतो.

आधी माझी चूक. सौसनला लिहिलेल्या पत्रात मी आपल्या फरगलींवर संशय घेतला. बीकर नीट पाहण्याआधीच घेतला. आता तो पाहिलाय आणि मला शरम वाटते. बीकरच्या आत एका बाजूने हिरवं कवच काठापर्यंत चढलंय, जिभेसारखं. दुसरी बाजू स्वच्छ आहे. याचा अर्थ बीकर रोज एकाच बाजूला तिरका होत होता आणि तसाच काही वेळ राहत होता. फडकं मारणारा माणूस भांडं सरळ उचलतो, सरळ ठेवतो, आणि त्याला पुढच्या टेबलाची घाई असते. हे भांडं कुणीतरी उजेडाकडे धरलंय. ज्याने धरलं त्याला कसलीही घाई नव्हती. ज्याला या रंगाची आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त ओढ आहे असाच कुणीतरी तो असणार.

उस्ताद, आमच्या घरी नवं मूल झालं की आई त्याला चाळीस दिवस कुणाला दाखवत नाही. परक्याची नजर लागते म्हणून नव्हे, ती म्हणते, आपल्याच माणसांची जास्त लागते. आपण आणि मी विज्ञान शिकलेली माणसं, नजरेवर आपला विश्वास नाही. पण या स्फटिकाच्या बाबतीत माझी आई बरोबर आहे.

यंत्र आपली वाट पाहतंय. मीसुद्धा.

आपला विद्यार्थी होण्याची इच्छा असलेला,
सब्री


असयूत, २२ मे १९८८

प्रिय सब्री,

ईद मुबारक. तुझं पत्र मी या खेपेला सौसनला मोठ्याने वाचायला लावलं नाही. एकट्याने वाचलं, दोनदा. मग खिडकीशी गेलो आणि माझ्या बाहीवरची वाळू झटकली. ती तिथे कित्येक दिवस असणार. कुणी मला सांगितलं नाही. इतकी माणसं आहेत इथे, आणि सगळीच मला इतका मान देणारी.

फरगलीच्या घरी गेलो. त्याची माफी मागितली. त्याने चहा दिला आणि म्हणाला, “साहेब, माफी कसली. पण एक सांगू? तुम्ही त्याला इतकं कौतुकानं उचलायचात, की मलाच वाटायचं, पोराला बाप उचलतोय, आपण मध्ये कशाला बोला.” बॉयलरघराचा कागद मी फाडलाय.

आता व्यवस्था ऐक. नवीन बीकर फरगलीच्या जिन्याखालच्या खोलीत, लाकडी कपाटात ठेवलाय. तिथे रेल्वेचाही धक्का नाही आणि पाहुणेही नाहीत. कपाटाला कुलूप आहे. किल्ली दोऱ्यात ओवून फरगलीच्या गळ्यात घातलीय, आणि हुकूम दिलाय की कपाट कुणासाठीही उघडायचं नाही. डीन आले तरी नाही, शहाता आला तरी नाही. शहाता आला तर विशेषच नाही.

दोनदा प्रयत्न करून पाहिला, लपवत नाही. एकदा म्हणालो, “फरगली, कपाटात उंदीर शिरला असेल.” तो म्हणाला, “शिरला असेल तर मरेल.” ईदच्या सकाळी बायकोने केलेली कहकची थाळी घेऊन गेलो. त्याने बिस्किटं खाल्ली, बायकोला आशीर्वाद दिला आणि किल्ली सदऱ्याच्या आत सरकवली.

मी माझ्या नोकरीत इतका चांगला निर्णय दुसरा घेतला नसेल.

तुझा,
शहाता


कैरो, १४ ऑगस्ट १९८८

सौसन,

बस. दार लाव. हे आधी एकटीने वाच.

जुलैत तू बाटली मांडीवर धरून आलीस तेव्हा मी तुला काही बोललो नाही, कारण मलाच भीती वाटत होती. सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर आत एक भेग नाही, शेजारी कुणी चिकटलेलं नाही. चहूबाजूंनी काचेसारखा साफ. मी आजवर शेकड्यांनी स्फटिक पाहिलेत. हा मी माझ्या साहेबांना बोलावून दाखवला. त्यांनीही हात मागेच ठेवले.

मग यंत्राने आपलं काम केलं, आणि मग आकडेमोड, ती चुकली, पुन्हा केली. काल संध्याकाळी अणू एकेक करून जागेवर बसले. आधी तांबं दिसतं, कारण ते जड. एक दिसलं. दुसरं दिसलं. मी तुझं ‘दोन’ आठवून थांबलो, खरंच थांबलो. मग तिसरं आलं. आणि चौथं.

चार आहेत, सौसन. चार तांबी आणि चार ऑक्सिजन मिळून एक घन झालाय, आठ कोपऱ्यांचा. एक कोपरा तांब्याचा, शेजारचा ऑक्सिजनचा, मग पुन्हा तांब्याचा. प्रत्येक ऑक्सिजनने तीन तांबी धरलीत. बाहेरून चारही लिगँड आपल्या तिन्ही हातांनी त्याला कवटाळून बसलेत. यात कुठे सुटायला जागा नाही. घन अगदी चौकोनी नाही, थोडा ताणलेला आहे, आणि म्हणूनच त्याचं चुंबकत्व तसं उतरतं जसं तुझे सर सांगत आले. त्यांनी हे न बघता ओळखलं. नुसत्या एका वक्ररेषेवरून. माझ्याकडे एवढं यंत्र आहे आणि मला त्यांचा हेवा वाटतोय.

चित्र काढून वेगळ्या पाकिटात घातलंय. पाकीट चिकटवलेलं आहे. ते तू त्यांच्या हातात दे.

आणि तुझी पेन्सिल खोड.

सब्री


असयूत, ३ सप्टेंबर १९८८

प्रिय सब्री,

तीन दिवसांपूर्वी मी निवृत्त झालो. हार, भाषणं, एक घड्याळ. पाकीट सौसनने मला भाषणांच्या आधी दिलं होतं, पण मी उघडलं नाही. म्हटलं, भाषणं ऐकताना तोंडावर काही दिसायला नको, दोन असले तरी आणि चार असले तरी.

समारंभ संपल्यावर जिन्याखाली गेलो. फरगलीला म्हणालो, “तू उघड. राखलंस तू.” त्याने चष्मा लावला, पाकीट सावकाश फाडलं, चित्राकडे बघितलं, आडवं केलं, उभं केलं. मग बोटाने मोजलं. “चार,” म्हणाला. आणि मग माझ्याकडे बघून, “साहेब, एवढ्यासाठी मला त्या उंदराची भीती घातलीत?”

मी हसलो. फरगलीने त्याचं स्टूल पुढे सरकवलं. सौसन दारात उभी राहून रडत होती. तिला वाटत होतं मला माहीत नाही, म्हणून तुला सांगतो, तिला तू सांग. तिच्या प्रबंधातलं पेन्सिलीचं ‘दोन’ मी हिवाळ्यातच वाचलं होतं. काही बोललो नाही. माझ्यावर इतका जीव असूनही तिने माझं म्हणणं पुराव्याशिवाय मानलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाताना मला जो अभिमान वाटला तो या चारांनीही दिला नाही. हे खोटं आहे, चारांनी थोडा जास्त दिला. पण थोडाच.

आता शेवटचं. मी ते स्फटिक अजून पाहिले नव्हते. जुलैत सौसन त्यातला एक काढत होती तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो, हुकमाप्रमाणे. आता म्हणालो, “फरगली, आता तरी किल्ली दे.”

तो म्हणाला, “हुकूम डॉक्टर शहातांचा आहे. ते निवृत्त झालेत. आता हुकूम मागे कोण घेणार?”

मग त्याने गळ्यातला दोरा काढला, स्वतः कुलूप उघडलं आणि कपाटाचं दार अर्धं लोटून आड उभा राहिला.

“बघा, साहेब,” तो म्हणाला. “पण हात मागे.”

मी हात मागे बांधले. खाली वाकलो. बीकरच्या तळाशी ते बसले होते, सात-आठ, एकमेकांपासून दूर, इतके हिरवे की जिन्याखाली त्या अंधाऱ्या खोलीत मला त्यांच्या कडा दिसत होत्या. इतकी वर्षं मी यांना उजेडाकडे धरत आलो आणि मला फक्त रंग दिसत होता.

फरगलीने दार लावेपर्यंत मी हात मागेच ठेवले होते.

तुझा,
शहाता